बहिष्कार कोणी कोणावर घालावा?

‘बॉयकॉट’ हे क्रियापद आज आपण सिनेमापासून सभात्यागापर्यंत इतक्या सढळपणे वापरतो, की त्यामागील नैतिक अट विस्मृतीत गेली आहे. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याने, १८८० च्या सप्टेंबरात, खंडात पंचवीस टक्के सूट मागणाऱ्या कुळांना बेदखल करण्याचे आरंभिले, तेव्हा लोकांनी त्याच्या अंगास हात न लावता त्याच्याशी असलेला व्यवहारच तोडला: गडीमाणसे काम सोडून गेली, लोहाराने आणि धोबिणीने पाठ फिरविली, दुकानदाराने माल नाकारला. उभे पीक काढण्यास अल्स्टरहून पन्नास मजूर आणि त्यांच्या रक्षणार्थ मोठी फौज आणावी लागली. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च सरकारला सोसावा लागला आणि डिसेंबरात कॅप्टनने देश सोडला. अशा वागणुकीस रूढ असलेला पंडिती इंग्रजी शब्द कुळांना उमगणार नाही, म्हणून फादर जॉन ओमॅली यांनी त्या कारभाऱ्याचे आडनावच क्रियापद म्हणून सुचविले, अशी हकीकत जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने नमूद केली आहे.

बंगालच्या फाळणीनंतर हेच शस्त्र हिंदुस्थानात आले आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत त्यास मानाचे स्थान मिळाले. परंतु आपल्या गावगाड्यात माणसास वाळीत टाकण्याची रूढी त्याहून फार जुनी, आणि तिची दिशा नेमकी उलटी. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० साली नोंदविले, की अस्पृश्यांनी आपला हक्क बजावताच त्यांच्या वाटा अडविल्या जात आणि वाण्याकडून मिळणारा जिन्नस बंद केला जाई. कॅप्टनच्या पाठीशी सरकार होते, आणि निघून जाण्यास इंग्लंड होते. या कुटुंबांना गावाबाहेर दुसरा आसरा नव्हता. कुळांची मागणी मान्य करताच कॅप्टनची सुटका होण्यासारखी होती. जन्माने ठरलेल्या अपराधातून मात्र कोणत्याही तडजोडीने सुटका नसते.

महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, हे योग्यच झाले. पण कायद्याचा अंमल लोकांच्या विवेकावर अवलंबून असतो. दुर्बलांनी एकजुटीने सत्तेस दिलेला नकार हा लोकशाहीचा हक्क होय. तोच नकार बहुसंख्यांनी एकाकी कुटुंबावर लादला, तर तो जुलूम होय, आणि त्यास बहिष्काराच्या उज्ज्वल परंपरेचे नाव देण्याचा अधिकार कोणासही नाही.