वळिवड्याहून इंग्लंडला

आपल्या इंग्लंडातल्या मंडळात शिरूर-दौंडकडची घरं बरीच. त्यांच्या गप्पांत दौंडच्या रेल्वे कॉलनीतले अँग्लो-इंडियन शेजारी हमखास निघतात. स्वातंत्र्यानंतर त्यांतले पुष्कळजण इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेले. पण त्याच सुमारास आपल्याच मुलखातून परदेशी गेलेल्या आणखी काही माणसांची आठवण क्वचितच निघते. ते म्हणजे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे पोलिश निर्वासित.

फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत पोलिसांनी पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं घरातून उचलली, मालगाडीच्या डब्यांत कोंबली आणि सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकली. तिथे थंडी, उपासमार, टायफस. हिटलर १९४१ मध्ये रशियावरच उलटला, रशियाला पोलंड मित्र म्हणून हवा झाला, म्हणून त्यांची सुटका झाली. कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात पोचलेल्यांपैकी कित्येक तिथेच दगावले. वाचलेल्यांतले सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून वळिवड्याच्या बराकींत राहिले. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, सगळं त्यांनी तिथे उभं केलं. ‘महाराजांनी आसरा दिला’ असं आपण मिरवतो, पण कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा अल्पवयीन राजे होते आणि छावणीचा खर्च लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार करत होतं. कोल्हापूरकरांनी दिलेली माया त्यामुळे कमी ठरत नाही.

युद्ध संपलं, पण परतायला गाव उरलं नव्हतं. दोस्त राष्ट्रांच्या याल्टातल्या वाटाघाटींत ते सोव्हिएत हद्दीत गेलं होतं. छावणी १९४८ मध्ये बंद झाली. काही पोलंडला परतले. बाकीचे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका आणि इथे इंग्लंडात आले. ज्यांचे बाप-भाऊ ब्रिटिशांच्या बाजूने इटलीत माँटे कॅसिनोला लढले, त्या घरांनाही इथे सुरुवातीला लष्कराच्या पत्र्याच्या बराकीच मिळाल्या. वळिवड्याची रिकामी छावणी सिंधमधून आलेल्या निर्वासितांना मिळाली. तेच आजचं गांधीनगर, कापडाची मोठी बाजारपेठ.

नोकरीचं पत्र खिशात घालून विमानाने उतरलेल्या आपण आपल्या हालांच्या कथा जरा आवरत्या घ्याव्यात, असं आम्हाला वाटतं.

वळिवड्यात वाढलेली मुलं आता नव्वदीच्या आसपास आहेत. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर त्यांच्याशी बोला, त्यांची परवानगी घेऊन आठवणी टिपा आणि पुढच्या अंकासाठी आमच्याकडे पाठवा. दिवाळीला शिरूर-दौंडला जाणाऱ्यांनी एक दिवस काढून वळिवडे बघून यावं. मिरज-कोल्हापूर मार्गावर त्या नावाचं स्टेशन आहे.



— संपादक