तीन दरवाजावरचा शासननिर्णय

सरकारी अधिकाऱ्याने एखादे ऐतिहासिक शहर पाहिल्याचे सांगितले, तर त्यावर फारसा विश्वास ठेवू नये. विश्रामगृह, गाडी, सोबत स्थानिक कार्यालयातला एखादा तत्पर कनिष्ठ आणि "साहेब, इथे फोटो छान येतो" एवढ्यावर त्याचे पर्यटन आटोपते. मीही अनेक वर्षे असाच हिंडलो. अहमदाबाद हे माझे सर्वांत आवडते शहर; पण ते मला खऱ्या अर्थाने दिसले, ते हुद्दा घरी ठेवून, कोणालाही न कळवता गेलो तेव्हा.

१४११ साली अहमदशहाने वसवलेल्या या शहराचा तटाच्या आतला भाग २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. हा मान मिळवणारे ते भारतातले पहिले शहर. महापालिकेने १९९७ मध्ये सुरू केलेला वारसा-फेरफटका काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघतो आणि पोळांच्या अरुंद गल्ल्यांतून जामा मशिदीपाशी संपतो. कोरीव लाकडी खांब, चौकाखालची पाण्याची टाकी, पाखरांसाठी उभारलेले चबुतरे, सारेच डोळे निववणारे आहे. माझे भांडण या सौंदर्याशी नाही. वारसा म्हणजे केवळ सौंदर्य, या आपल्या समजुतीशी आहे.

जामा मशिदीवरून भद्रच्या किल्ल्याकडे थोडे पश्चिमेला चालत गेले की बाजाराच्या गर्दीत तीन दरवाजा लागतो. तिथल्या एका कोनाड्यात दिवा तेवत असतो आणि त्याची आख्यायिका प्रत्येक वाटाड्या सांगतो. लक्ष्मी नगर सोडून निघाली, तेव्हा कोतवालाने तिला वेशीपाशी अडवले, "बादशहाची परवानगी घेऊन येतो, तोवर थांबा" असे वचन घेतले आणि ती कायमची थांबावी म्हणून आपले शिर दिले. दिव्याची निगा एक मुसलमान कुटुंब पिढ्यान्पिढ्या राखत आले आहे. ऐकताना पर्यटकांचे डोळे पाणावतात, आणि ते योग्यच आहे.

याच दरवाजावर देवनागरीत कोरलेला एक हुकूम आहे. १० ऑक्टोबर १८१२ चा, मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांचा. वडिलांच्या मिळकतीतला मुलीचा वाटा तिला विनाअडथळा मिळावा, ही विश्वनाथाची आज्ञा आहे. जो मोडील तो हिंदू असल्यास महादेवाला आणि मुसलमान असल्यास अल्लाला किंवा रसुलाला जाब देईल, असा त्याचा आशय. बाजाराला जाणाऱ्या प्रत्येक बापाला आणि भावाला ज्याखालून जावेच लागेल, अशी जागा त्या सुभेदाराने निवडली. (आमचे शासननिर्णय संकेतांकासह संकेतस्थळावर जातात आणि बहुधा तिथेच विसावतात.)

ही आख्यायिका नव्हे, आदेश आहे, आणि त्याचा विषय अजून निकाली निघालेला नाही. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क देणारी केंद्रीय दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ रोजी अमलात आली. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, एवढे स्पष्ट व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल यावा लागला. आणि प्रत्यक्षात? बाप वारला की वारसनोंदीपाठोपाठ बहिणींचे हक्कसोडपत्र येते. "स्वखुशीने लिहून देता ना?" असे विचारावे लागते, विचारताना भाऊ शेजारीच उभा असतो. माहेर तुटेल या धास्तीने ती मान डोलावते आणि साडीचोळीवर तिची बोळवण होते. कागद पक्का असतो, म्हणून आम्हीही मान डोलावतो. मुलगी म्हणजे घरची लक्ष्मी, हे त्याच घरांत मोठ्या कौतुकाने म्हटले जाते.

एका सहकारी मित्राला हे सांगितले तेव्हा तो हसला. "अरे, लोक चार दिवस मौजेला जातात. त्यांना वारसाहक्काचे धडे कशाला?" मला हा युक्तिवाद मान्य नाही. कोतवालाच्या कथेसाठी थांबणारा माणूस सुभेदाराच्या हुकमासाठीही थांबेल. त्याला थांबवण्याची कोणाला गरज वाटत नाही, एवढेच. तीन दरवाजा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. दगडाला इजा केली तर शिक्षा आहे. त्या दगडावरचा मजकूर मात्र कोणत्याच खात्याचा नाही. पर्यटन खात्याला तो महसुलाचा वाटतो, महसूल खात्याला पुरातत्त्वाचा.

मसुरीच्या अकादमीतून प्रशिक्षणार्थी अधिकारी दरवर्षी 'भारत दर्शना'ला निघतात. त्यांना एखाद्या सकाळी, गाडी आणि स्वागताचे गुच्छ टाळून, या दरवाजाखाली अर्धा तास उभे करावे. तो हुकूम एकाने मोठ्याने वाचावा. आणि सुट्टीत गावी गेल्यावर आपल्या स्वतःच्या बहिणीच्या नावावर काय आहे, ते प्रत्येकाने उतारा काढून पाहून यावे.