बाहुलीचा डोळा

गेल्या जानेवारीत गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर आमच्या एका विद्यार्थ्याची धाकटी बहीण आपली नवी बाहुली घेऊन शाळेत आली होती. बाहुली प्लॅस्टिकची, साच्यातून काढलेली. नाक, ओठ, हनुवटी सर्व ठसठशीत. परंतु डोळ्याकरिता साच्याने राखलेल्या खोलगट जागेत एक बुबुळ पडलेच नव्हते. ते खाली गालावर उतरले होते. मुलीने चिंधीची पट्टी करून तो डोळा बांधून टाकला होता. मी कारण विचारले, तेव्हा ती गंभीरपणे म्हणाली, "बाई, हिला बरं नाही." तिची आई हसून म्हणाली, "स्वस्तातली आहे बाई, चालायचंच!"

हा 'चालायचंच' शब्द माझ्या मनातून जाईना. त्याविषयीच चार शब्द विद्यार्थिमित्रांपुढे व पालकवर्गापुढे मांडावयाचे आहेत.

प्रथम हे काम कसे होते ते पाहू. सपाट कागदावर शिक्का मारणे सोपे. तोच शिक्का पेरूवर मारून पाहा, म्हणजे अडचण कळेल. शिक्का मध्येच टेकतो आणि कडा कोऱ्या राहतात. ही अडचण दूर करण्याकरिता पॅड प्रिंटिंग नावाची युक्ती निघाली. पोलादी पाटीवर चित्र कोरतात. त्या कोरणीची खोली बहुधा वीस ते तीस मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी असते. तीत शाई भरून वरची जादा शाई पात्याने निपटून घेतात. नंतर सिलिकॉन रबराचा एक मऊ, फुगीर गोळा त्या पाटीवर दाबला म्हणजे शाईचे चित्र त्याला चिकटून वर येते. तोच गोळा खेळण्यावर दाबला की तो त्याच्या उंचसखल अंगाशी मिळून जातो आणि चित्र तेथे ठेवून परत येतो. घड्याळांच्या तबकड्यांवर आकडे उठविण्यासाठी पूर्वी जिलेटिनचे गोळे वापरीत. पुढे सिलिकॉनचे आल्यावर ही छपाई कारखान्यांतून सर्वत्र पसरली. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९७८ साली चिमुकली माणसे काढली; दोन ठिपके आणि एक स्मित एवढाच त्यांचा चेहरा होता. तो अशाच छपाईचा होय, आणि जगभरच्या मुलांनी तो आपला मानला.

तथापि यंत्र आले म्हणून नेमकेपणा आपोआप येत नाही. साच्यातून निघालेले प्लॅस्टिक निवताना आकसते. ते पुरते निवण्यापूर्वी छपाई केली तर डोळा जागा चुकतो. गोळा वाकडा दाबला गेला तर चित्र ताणले जाते. म्हणून कुशल कारागीर पाटीवरचे चित्रच हिशेबाने थोडे विरुद्ध बाजूस ओढून कोरतो. पांढरा, तपकिरी, काळा असा प्रत्येक रंग वेगळ्या पाटीवरून येतो, आणि तो पहिल्या रंगावर बरोबर बसावा लागतो. खेळणे ज्या बैठकीत ठेवतात ती किंचित सैल असली, तरी साऱ्या बाहुल्या तिरळ्या निघतात.

सोलापूरकरांना हे निराळे सांगावयास नको. आपल्या चादरीची नक्षी जॅकार्डच्या मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उतरत आली आहे. एका पुठ्ठ्यात एक छिद्र चुकले, तर ती चूक एका चादरीत राहत नाही. त्या पुठ्ठ्यांवर विणलेल्या प्रत्येक चादरीत ती उमटते. यंत्र चूक सुधारीत नाही, ते तिची संख्या वाढविते. म्हणून यंत्रापाशी बसणाऱ्या माणसाला हाताने काम करणाऱ्यापेक्षा अधिक जागरूक राहावे लागते.

कोणी म्हणतील की, हातकामातही दोन वस्तू सारख्या नसतात, आणि त्यांचे आपण कौतुकच करतो. मग यंत्राला दोष का? हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी आंबा किंवा पेरू पाहा. त्यांत फरक असतो खरा. परंतु तेथे कारागिराची दृष्टी प्रत्येक फळाच्या गोलाईबरोबर फिरलेली असते. तो फरक लक्ष देण्यातून उत्पन्न झालेला असतो. आमच्या बाहुलीच्या गालावरचे बुबुळ लक्ष न देण्यातून आले. पहिल्या फरकाला कला म्हणतात, दुसऱ्याला हयगय.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक केले. हस्तकारागिरांना त्यात काही सवलती आहेत. रंगात शिसे किती, सुटे भाग मुलांच्या घशात अडकतील काय, अशा गोष्टी त्यात तपासल्या जातात. ही व्यवस्था अत्यंत स्तुत्य आहे, आणि पालकांनी ते चिन्ह पाहूनच खेळणे घ्यावे. परंतु बाहुलीचे डोळे सरळ आहेत की नाहीत, हे कोणताही कायदा पाहत नाही. ते करणाऱ्याने पाहावयाचे आणि घेणाऱ्यानेही.

माझे म्हणणे एवढेच की, स्वस्त वस्तू साधी असावी, वाकडी असू नये. श्रीमंताच्या मुलीची बाहुली रेशमी वस्त्रे लेवो, गरिबाच्या मुलीची सुती लेवो. पण दोघींना आपल्या धनिणीकडे सरळ पाहता आले पाहिजे. गरिबाच्या लेकराला तिरळी बाहुली देऊन "चालायचंच" म्हणणे म्हणजे त्याला लहानपणीच हे शिकविणे की, जगातील नेमके काम दुसऱ्यांसाठी असते. प्रभूने थोडक्यातील विश्वासूपणाला जी थोर किंमत दिली आहे, ती येथेही लागू आहे; बाहुलीच्या डोळ्याहून थोडके ते काय असणार?

पालकहो, पुढच्या गड्ड्यात खेळणे घेताना ते क्षणभर समोर धरून पाहा, आणि वाकडे असल्यास गोड शब्दांत परत करा. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येक उद्या माग, छापखाना किंवा यंत्रशाळा यांत कामाला लागतील. तुमच्या हातून गेलेली वस्तू कोणाकडे जाईल हे तुम्हांस कळणार नाही. ती ज्या मुलाकडे जाईल, ते तक्रार करावयास येणार नाही. ते केवळ आपल्या बाहुलीचा डोळा चिंधीने बांधील आणि तिला बरे नाही असे समजून तिची शुश्रूषा करीत बसेल. त्या मुलाचे स्मरण ठेवून बैठक घट्ट करा.