पासवर्ड कुणाच्या हातात?

भोकरदन तालुक्यातल्या धावड्यात बारावी झालेल्या मुलींची बैठक होती. विषय होता, नोकरीसाठी संगणकावर काय शिकावं? बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी फळ्यावर यादी लिहिली : एक्सेल, टॅली, डिजिटल मार्केटिंग, कोडिंग आणि आता एआय. मुली वहीत उतरवून घेत होत्या. मागच्या रांगेतल्या एकीने विचारलं, "सर, ओटीपी भावाच्या मोबाईलवर येतो. तो शेतात गेला असला तर काय करायचं?"

सगळे हसले, पाहुणेही हसले. मला हसू आलं नाही, कारण त्या मुलीची हकीकत मला ठाऊक होती. ती शासनमान्य संगणक परीक्षा उत्तम गुणांनी पास झाली आहे. भरतीचा अर्ज तिने एका केंद्रावर भरला. ईमेल केंद्रचालकाने काढून दिला, पासवर्ड त्याच्या वहीत राहिला, मोबाईल नंबर भावाचा दिला. हॉल तिकिटाचा संदेश भावाकडे आला आणि त्याने तो पाहिलाच नाही. परीक्षा होऊन गेली. घरात मात्र बोल लागला तिलाच, "एवढे पैसे भरून शिकवलं, काय उपयोग झाला?" आता तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू आहे.

मैत्रिणींनो, या मुलीला कौशल्य नव्हतं का? होतं. तिच्याजवळ नव्हती ती किल्ली. ज्या घरात किल्ली पुरुषाच्या कमरेला असते, त्या घरात बाईने कितीही कुलपं उघडायला शिकली तरी ती दाराबाहेरच राहते.

हे एका घरापुरतं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ग्रामीण पुरुषांपैकी 48.7 टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं, ग्रामीण स्त्रियांपैकी फक्त 24.6 टक्क्यांनी. त्यानंतर मोबाईल वाढले, पण घरातला मोबाईल म्हणजे बाईचा मोबाईल नव्हे. आणि सरकारही घरातल्या पुरुषालाच विचारतं. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत 2025 साली बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी मागितला गेला. ज्यांना नवरा नाही, वडील नाहीत, त्यांनी काय करायचं? ओरड झाल्यावर विधवा आणि घटस्फोटितांसाठी वेगळी वाट काढावी लागली. पैसा बहिणीचा आणि संमती भावजींची, असा हा कारभार!

"मुलीच्या हातात मोबाईल दिला की ती बिघडते," असं गावात सर्रास म्हणतात. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकणाऱ्यांनाही मुली बिघडण्याचीच काळजी होती. फसवणूक होते हे खरं आहे. पण ज्या मुलीला फसवणूक ओळखायला शिकवलेलं नाही, तीच जास्त फसते. आणि बदनामीच्या भीतीने ती घरी सांगत नाही, कारण सांगितलं तर पहिला जप्त होतो तिचाच मोबाईल.

दोष आपलाही आहे. 2001 मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली, तेव्हापासून गावोगावच्या मुलींनी प्रमाणपत्रं मिळवली. आम्हा संस्थावाल्यांनी अहवालात आकडे लिहिले, 'इतक्या मुली संगणक साक्षर'. यातल्या किती मुलींना स्वतःचा पासवर्ड माहीत आहे, हे आम्ही विचारलं नाही. मीही नाही विचारलं.

म्हणून माझी यादी वेगळ्या ठिकाणी सुरू होते. पहिलं, स्वतःच्या नावाचं सिम, आणि आधारला तोच नंबर. आधार केंद्रात तो बदलता येतो, त्यासाठी कागदपत्रं लागत नाहीत. दुसरं, स्वतः काढलेला ईमेल, स्वतःचा पासवर्ड, आणि तो विसरल्यास खातं परत कसं मिळवायचं. तिसरं, गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये ठेवणं, फोटो-सही हव्या त्या आकारात करणं, जाहिरातीतली शेवटची तारीख आणि महिलांच्या 30 टक्के जागा स्वतः वाचणं. चौथं, पैसे गेले तर लगेच 1930 ला फोन करणं, आणि कुणी छळलं तर संदेश न पुसता पुरावा म्हणून जपणं.

एवढं हातात आल्यावर मग युनिकोडमध्ये मराठी टायपिंग शिकावं, एक्सेल शिकावं. एक्सेल शिकायला पुस्तकातलं उदाहरण कशाला? बचत गटाचा हिशोब आहे, मिरची तोडणीच्या मजुरीची नोंद आहे. आईला किती दिवसांची मजुरी कमी मिळाली हे मुलीने मांडून दाखवलं, तर ते शिक्षण घराला पटेल. कोडिंग आणि एआयही शिकू द्या, अडवतंय कोण? पण दुसऱ्याच्या खात्यातून शिकलेली विद्या दुसऱ्याच्याच घरी राहते.

आपल्या मागण्या साध्या आहेत. कुठल्याही योजनेत बाईच्या हक्कासाठी पुरुषाच्या मोबाईलची अट नको. मुलीचं खातं मुलीच्याच हाती देणं केंद्रांवर बंधनकारक हवं. गावात मुलींना निर्धास्त बसता येईल असा, ग्रामपंचायतीच्या खर्चाने चालणारा संगणक हवा. आणि आपल्या प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारावा : तुझा ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो?

उत्तरं मोजा. तोच आपला खरा अहवाल.