गाण्यातले बोलणे : कटाव, पोवाडा आणि प्रोग्रेसिव्ह रॉक

प्रोग्रेसिव्ह रॉकच्या रसिकांमध्ये एक जुना वाद आहे. गायक गाता गाता मध्येच बोलू लागला की त्यांच्यातील एका पक्षाला तो रसभंग वाटतो. आणि तो रॅप करू लागला तर मात्र हा पक्ष थेट धर्मभ्रष्टतेचा आरोप करतो. दीर्घ रचना, विषम ताल, वाद्यांवरील असामान्य प्रभुत्व यांचा अभिमान बाळगणाऱ्या या संगीतात 'नुसते बोलणे' म्हणजे गायकाने कष्ट टाळणे, अशी ही समजूत. मराठी साहित्य शिकवणाऱ्यांनी या वादात कशाला पडावे, असे कोणी विचारील. आमच्या मते हा वाद स्वरापेक्षा शब्दाचा अधिक आहे, आणि शब्दाच्या बाजूने पाहिले तर मराठीला तो मुळीच नवा नाही.

आधी रॉककडे पाहू. या संगीताच्या अगदी आरंभी, म्हणजे 1967 साली, मूडी ब्लूजच्या 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' या ध्वनिमुद्रिकेत ढोलवादक ग्रॅम एज यांच्या कविता वाचून दाखवलेल्या आहेत. 1973 च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मध्ये पिंक फ्लॉइडने स्टुडिओतील आणि सोबतच्या माणसांना प्रश्न विचारून त्यांची उत्तरे मुद्रित केली आणि त्यांचे तुकडे संगीतात विणले. त्यांत स्टुडिओच्या दारवानाचाही आवाज आहे. त्या दारवानाला गाता आले नसते, आणि आले असते तर त्याचा उपयोगही झाला नसता. त्याच्या उच्चारातला खरखरीतपणा हाच तेथे आशय आहे. 1981 मध्ये किंग क्रिम्सनच्या 'एलिफंट टॉक'मध्ये एड्रियन बेल्यू 'बोलणे' या क्रियेचे इंग्रजी प्रतिशब्द अक्षरक्रमाने उच्चारत जातो. बोलण्याच्या निरर्थकतेवरची ही रचना स्वतः बोलूनच उभी राहते. ती कोणी सुरेल गायली असती तर तिचा प्राणच गेला असता.

सगळ्यात अधिक शिव्या खाल्लेले उदाहरण मात्र रश या कॅनेडियन वाद्यवृंदाचे. त्यांच्या 1991 च्या 'रोल द बोन्स' या गाण्याच्या मध्यावर चक्क रॅप आहे. गायक गेडी ली यांचाच आवाज यंत्राने खर्जात उतरवून तो वापरलेला आहे. हा भाग आम्हालाही फसलेला वाटतो. पण तो रॅप आहे म्हणून नव्हे. गायकाने तेथे दुसऱ्याचा मुखवटा चढवला आहे आणि 'आम्ही हे थट्टेने करीत आहोत बरे का' अशी सोयही ठेवली आहे. बोललेला शब्द थट्टेचा असायला हरकत नाही, परंतु तो बोलणाऱ्याचा असावा लागतो. गाणाऱ्याला सुराचा आडोसा असतो, बोलणाऱ्याला तो नसतो.

आता आपल्याकडे येऊ. अमृतराय (1698–1753) या कीर्तनकार कवीचे नाव आपले विद्यार्थी वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकात वाचतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्यांची कीर्ती ज्या 'कटाव' या प्रकारासाठी आहे, तो म्हणजे गद्य आणि पद्य यांच्या सीमेवरची द्रुत रचना. अनुप्रासांची झड, यमकांवर यमके, एका दमात पुढे सरकणारी वर्णने, आणि ते सारे तालाच्या आवर्तनात बसवलेले. कटाव वाचताना कंटाळवाणा वाटतो अशी तक्रार आम्ही वर्गात दरवर्षी ऐकतो. ती खरीच आहे. कटाव वाचायचा नसतोच. कीर्तनकाराने निरूपणाच्या ओघात आवाजाचा वेग वाढवीत, मृदंगाच्या साथीने तो सोडायचा असतो. श्वास कोठे घ्यावा हा त्यातला खरा कलाप्रश्न. रॅप करणाऱ्या मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही. आम्ही एकदा अशा एका विद्यार्थ्याला कटावाची चार पाने दिली, तर त्याने प्रथम यतिस्थानांवर पेन्सिलीने खुणा केल्या. आमच्यापैकी कोणालाही इतक्या वर्षांत ते सुचले नव्हते.

छंदःशास्त्राच्या बाजूने येथे एक गंमत आहे. माधव जूलियन यांनी 'छंदोरचना'त ज्याला पद्मावर्तनी म्हटले, त्या आठ मात्रांच्या आवर्तनात मराठीचे धावते पद्य सहज बसते, आणि रॅपचाही चालता ठेका चारांच्या पटीतला. प्रोग्रेसिव्ह रॉकला मात्र पाच आणि सात मात्रांचा सोस. पिंक फ्लॉइडचे 'मनी' सातांत आहे. सातांच्या आवर्तनात रॅप करायचे तर ओळ दरवेळी एक पाऊल आधीच संपते, आणि बोलणाऱ्याला एक तर शब्द तोडावा लागतो किंवा ओळ पुढच्या आवर्तनात सांडावी लागते. पुष्कळ प्रयोग येथेच कोसळतात. परंतु ज्या भाषेने ओवीसारखी रचना घडवली, जीत तीन चरण यमकाने बांधून चौथा आखूड सोडायचा आणि चरणाची लांबी बोलण्याच्या गरजेप्रमाणे ताणायची, त्या भाषेला ओळ सांडण्याची भीती कशाला?

'म्हणजे पोवाडा हे आमचे रॅपच!' हे वाक्य आता टाळ्यांसाठी हमखास येते. आम्हाला ते मान्य नाही. अज्ञानदासाच्या अफजलखानवधाच्या पोवाड्यापासून जोतीराव फुल्यांच्या 1869 च्या शिवाजीवरील पोवाड्यापर्यंत आणि पुढे अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांच्यापर्यंत पोवाड्याचा शाहीर एक घटना सांगतो. त्याच्यामागे झीलकरी 'जी जी' म्हणत त्या सांगण्याला समूहाची साक्ष देत असतात. मध्येच गाणे थांबवून तो गद्यात प्रसंग उलगडतो आणि पुन्हा चालीवर येतो. रॅप जन्मले ते 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, तबकड्यांवरच्या ठेक्याच्या आवृत्तीवर, कृष्णवर्णीय वस्त्यांच्या अनुभवातून. 'आमच्याकडे हे आधीपासून होतेच' असे म्हणताना आपण त्यांचा इतिहास पुसतो आणि आपला आळशीपणाने वाचतो. साम्य एवढेच की दोन्हीकडे शब्द सुराच्या पुढे उभा असतो, आणि म्हणूनच सत्तेला तो नुसत्या सुरापेक्षा लवकर ऐकू येतो. 2023 मध्ये राज मुंगासे या तरुणाच्या राजकीय मराठी रॅपवरून अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला, तो काही चालीबद्दल नव्हता.

रॉक आणि मराठी शब्द यांची भेट तरी कोठे अजिबात झाली नाही असे नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त (1978) ब्रेख्त, तमाशा आणि रॉक एकाच रंगमंचावर आले, आणि मुंबईच्या रॉक वर्तुळातून आलेले नंदू भेंडे त्यात मराठीत गायले. बोलणे आणि गाणे यांमधला जिना तेथे नाट्याच्या गरजेने बांधला गेला होता. अरुण कोलटकर अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकत होते आणि त्यांनी स्वतः इंग्रजी गाणीही रचली होती, ही गोष्ट त्यांच्या कवितेच्या अभ्यासात आपण तळटीपेपुरती ठेवतो. ती तळटीप वर आणावयास हवी.

हे सारे लिहिण्यास निमित्त घडले ते आमच्या पनवेल परिसरातले. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव (1845). फडक्यांवर पोवाडे आहेत, व्याख्याने आहेत, निबंध तर दरवर्षी होतात. काही विद्यार्थ्यांनी मात्र त्यांच्यावर नऊ मिनिटांची एक रचना केली : इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, एक डफ, बराचसा भाग सात मात्रांत. 1879 चे बंड, देवर नावडगीजवळची अटक, पुण्यातला खटला, हे गाऊन झाल्यावर वाद्ये जवळजवळ थांबतात आणि एक मुलगा आगरी बोलीत बोलू लागतो. एडनच्या तुरुंगातला, 1883 मध्ये तेथेच मरणारा माणूस गावाची आठवण काढतो आहे, अशी कल्पना. ठेका हळूहळू परततो आणि बोलणे त्यावर चढत जाते. फडके आगरी बोलत नसत, हे त्या मुलांनाही ठाऊक होते. बोलते ते गाव, असे त्यांचे म्हणणे.

एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ही रचना बाद ठरली. समूहगानात बोलणे चालत नाही, पोवाड्यात गिटार चालत नाही, काव्यवाचनात ड्रम चालत नाहीत. नियम म्हणजे नियम. त्याबद्दल आमचे भांडण नाही. मात्र 'बोलीतला भाग वगळून तो गाऊन टाका, गाणे चांगले होईल' हा जो सल्ला मिळाला, त्याबद्दल आहे. बोली गाण्यात आली की तिचे हेल चालीखाली दबतात. 'ळ', 'न', शब्दान्तीचे लांबवणे, वाक्याच्या शेवटी वर जाणारा सूर, हे सारे संगीतकाराच्या स्वरांना जागा करून देतात आणि बोली प्रमाणभाषेची पोशाख बदललेली बहीण होऊन बसते. बोलताना मात्र तिची स्वतःची चाल टिकते. याच भागातल्या लग्नांत धवलारीण जे धवले म्हणते, ते ऐकणाऱ्यास गाणे कोठे संपते आणि सांगणे कोठे सुरू होते हे नेमके दाखवता येणार नाही. महदंबेच्या धवळ्यांपासून आपण मराठी कवयित्रींचा इतिहास सुरू करतो, आणि त्याच नावाचा आवाज शेजारच्या मांडवात आला की तो आपल्याला 'संगीत' वाटत नाही!

त्या रचनेत दोष होते. शेवटी बोलणे उपदेशाकडे झुकत होते, आणि उपदेश सुरू होताच मागचे वाद्यसंगीत सिनेमातल्या पार्श्वसंगीतासारखे लाचार झाले. बोललेल्या शब्दाचा हा मोठा धोका आहे. अर्थ पोहोचतो याची खात्री वाटली की कवी सैल होतो. आम्ही मुलांना शेवटच्या दहा ओळी काढण्यास सांगितले. त्यांनी सहा काढल्या आणि चार ठेवल्या. त्यांचे ऐकल्यावर त्या चार ठेवण्यायोग्य आहेत असे आमच्यापैकी दोघांचे मत झाले; तिसऱ्यांचे अजून झालेले नाही.

येत्या सत्रात एम. ए. च्या वर्गात अमृतरायांचा कटाव शिकवण्याआधी तो त्याच मुलाकडून, डफ आणि ड्रमच्या साथीने, म्हणवून घ्यायचे ठरले आहे. सातांच्या आवर्तनात तो बसतो का, हे पाहायचे आहे.