स्कोनला ओव्हन कशाला? तवा पुरे!

“सर, ओव्हन नसेल तर बेकिंग कसले?” वर्गात मुली विचारतात, पालकसभेनंतर त्यांच्या अम्मीही विचारतात. मोबाइलवर स्कोन पाहायचा आणि हप्त्याने ओव्हन घ्यायच्या गोष्टी करायच्या, असे घरोघरी चालले आहे. आमचे म्हणणे एवढेच की, दुकानात जाण्याआधी घरातला तवा गॅसवर ठेवून पाहा.

स्कोन ही मुळात स्कॉटलंडची भाकरीच. ओट किंवा जवाच्या पिठाची जाड गोल भाकरी लोखंडी तव्यावर भाजायची आणि तिचे चार तुकडे करायचे, अशी तिथली रीत. आजचा फुगीर स्कोन आला तो बेकिंग पावडरनंतर. ती १८४३ मध्ये अल्फ्रेड बर्ड या इंग्रज औषधविक्रेत्याने तयार केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हते. म्हणजे हा शोधही घरातल्या अडचणीतूनच लागला.

आपल्या घरांत तरी ओव्हन कुठे होते? ईद जवळ आली की नानखटाईचे पीठ डब्यात भरून बेकरीत न्यायचे, तिथल्या भट्टीत भाजून आणायचे. आमच्या माणिकपुरात नाताळला शेजारच्या ख्रिस्ती घरातून कुलकुलांची ताटली येते. तीसुद्धा कढईतच तळलेली. ओव्हन नाही म्हणून कुणाचा सण अडला नाही.

आता कृती. पाव किलो मैद्यात अडीच चमचे बेकिंग पावडर आणि दोन मोठे चमचे साखर चाळून घ्या. फ्रिजमधले ५० ग्रॅम थंड बटर बोटांच्या टोकांनी त्यात चोळा, करंजीच्या पिठाला मोहन चोळतो तसे. बटर खारे असेल तर वेगळे मीठ नको. मग सुमारे १२० मिली थंड दूध थोडे थोडे घालून गोळा जमवा. अंडे लागत नाही.

इथेच पुष्कळांचे स्कोन बिघडतात. चपातीची कणीक मळून मळून लवचीक करायची असते. स्कोनचे पीठ मळायचेच नाही. मळले की मैद्याला चिवटपणा येतो आणि स्कोन दगड होतो. फक्त गोळा जमवा, दीड सेंटिमीटर जाड थापा आणि वाटीने गोल कापा. जाड बुडाच्या तव्यावर, अगदी मंद आचेवर, झाकण ठेवून प्रत्येक बाजू सात-आठ मिनिटे भाजा. आच वाढवली तर वरून करपतो, आत कच्चा राहतो. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी २२० अंशांवर १२ ते १५ मिनिटे ठेवावा.

बेकिंग पावडर जुनी असेल तर चमचाभर गरम पाण्यात टाकून पाहा. फसफसली तर चांगली, नाहीतर फेकून द्या. त्यात सोडा आणि आम्ल दोन्ही असतात. ओलावा व उष्णता मिळाली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुगते. विज्ञानाच्या पुस्तकातला हा धडा मुलांना तव्यावर दाखवता येतो. मोजमापाचे काम मुलींबरोबर मुलांनाही द्या.

घरी करण्याचा आणखी एक फायदा आहे. बाजारच्या केक-पाकिटांवर ‘इमल्सिफायर ४७१’ लिहिलेले असते. ते वनस्पती तेलापासून बनते, तसेच प्राण्यांच्या चरबीपासूनही. पाकिटावर शाकाहाराची हिरवी खूण असेल तर चरबीची शंका उरत नाही; पण ती पाहायची सवय हवी. घरच्या स्कोनमध्ये काय पडले ते आपल्या डोळ्यांसमोर असते.

स्कोन शिळा झाला की कोरडा पडतो, म्हणून गरम असतानाच खा. इफ्तारला केलात तर चार जास्त करा आणि शेजारी ताटली पाठवा. हप्त्याचे पैसे वाचले, तर ते मुलांच्या पुस्तकांच्या कामी येतील.