एक कासव, एक ट्यूब आणि एक (होऊ घातलेली) इंजिनिअर

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादकांच्या नावावर आणि मतं माझ्या नावावर! मराठी विभागासाठी 'काहीतरी दे' म्हणून संपादक मंडळानं पिच्छा पुरवला, तेव्हा त्यांना बहुधा मैत्री, पाऊस किंवा हॉस्टेलची मेस यांपैकी काहीतरी अपेक्षित असावं. मी कासवाच्या डोळ्यांवर लिहितेय. हसू नका.

गेल्या महिन्यात आमच्याच हॉस्टेलच्या एका खोलीत मी एक कासव पाहिलं. (खोली नंबर सांगणार नाही. रेक्टर मॅडम, प्लीज!) चहाच्या बशीएवढं, काचेच्या गोल बाउलमध्ये, वर निळ्या एलईडीची पट्टी. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आधी 'लकी' म्हणून आणलेलं. मैत्रीण कौतुकानं म्हणाली, "बघ ना, किती शांत झोपलंय!" ते झोपलं नव्हतं. त्याच्या दोन्ही पापण्या सुजून वाटाण्यासारख्या झाल्या होत्या. मला हे लगेच कळलं, कारण असंच एक 'शांत झोपलेलं' कासव मी आधी पाहिलं होतं आणि त्याच्या डोळ्यांची उरलीसुरली वाट मीच लावली होती.

माझं आजोळ नरसी नामदेव. हिंगोली जिल्ह्यात, कयाधू नदीच्या काठी, संत नामदेवांचं जन्मगाव. उत्तर दिशेला पाण्यात कासव ठेवलं की घरात पैसा येतो, असं मामाला कुणीतरी सांगितलं, म्हणून त्यानं नांदेडहून एक विकत आणलं. पैसा अजून वाटेत आहे. मामेभावानं, वय वर्षे नऊ, कासवाचं नाव ठेवलं शेरू.

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, दुकानात सर्रास मिळणारं हे कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. दुकानदार सांगतो, 'एवढंच राहतं.' प्रत्यक्षात ते जेवायच्या ताटाएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. शाळेत सिस्टरनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं की जमिनीवरचं ते टॉर्टॉइज, पाण्यातलं ते टर्टल. मराठीत दोन्ही कासवच. कदाचित म्हणूनच शेरूला काय खायला घालायचं याबद्दल घरात प्रत्येकाचं वेगळं मत होतं. मुरमुरे, पोळीचे तुकडे आणि दुकानातून आलेली सुकी कोळंबी, एवढ्यावर त्याचं वर्ष निघालं. ज्या गावच्या संतानं पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे 'कोरडी खाऊ नकोस' म्हणत तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, त्या गावात आम्ही एका मुक्या जिवाला कोरडे मुरमुरे घालत होतो!

दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा शेरूचे डोळे बंद होते आणि आठवडाभर त्यानं काही खाल्लं नव्हतं. आजी म्हणाली, "कासवीची नजर पिल्लाला पोसती म्हणतेत. हिथं तर ह्याची नजरच गेली, आता पोट कसं भरल?" कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेनं वाढवते, हा दृष्टान्त वारकरी घरात सगळ्यांना ठाऊक असतो. जीवशास्त्र सांगतं की मादी वाळूत अंडी घालून निघून जाते, मागे वळूनसुद्धा बघत नाही. पण आजीचं म्हणणं दुसऱ्या अर्थानं अगदी बरोबर निघालं. हे कासव खाणं मुख्यतः बघून शोधतं. डोळा मिटला की पोट उपाशी.

आता घरात इंजिनिअरिंगची मुलगी असताना डॉक्टरकडे कशाला जायचं? मी मोबाइलवर वाचलं की कासवाला यूव्ही प्रकाश लागतो, तो नसला तर कवच मऊ पडतं, कासव आजारी होतं. हेही वाचलं की काच यूव्ही अडवते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माळ्यावर जुना वॉटर प्युरिफायर पडला होता, त्यात यूव्हीची छोटी ट्यूब होती, चोकसकट. मी तारेचा स्टँड केला, काच मध्ये येऊ नये म्हणून टाकीचं झाकण काढलं आणि ट्यूब थेट शेरूच्या डोक्यावर वीतभर अंतरावर लावली. बाजारात जी वस्तू महाग मिळते ती फुकटात तयार! मामा खूश. मी तर काय, हवेतच. संध्याकाळी दोन तास ट्यूब चालू ठेवली. मामेभाऊ टेबलावर कोपरं टेकून तो निळसर उजेड बघत बसला होता.

रात्री दोन वाजता तो रडत उठला. "दीदी, डोळ्यात वाळू गेली." डोळे लालभडक, पाण्याच्या धारा, उजेड सहन होईना. मामीनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या आणि सहज विचारलं, "वेल्डिंग बघत बसला होतास का रे?"

त्या एका प्रश्नानं माझ्या पोटात गोळा आला. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आर्क वेल्डिंगच्या वेळी काळी काच न धरता बघणाऱ्यांना रात्री हेच झालं होतं, आठवतंय ना? त्या क्षणी काही वाटत नाही. सहा-आठ तासांनी डोळ्यात वाळू टोचायला लागते, कारण डोळ्याच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर यूव्हीनं भाजलेला असतो. माझ्या डोळ्यांना काहीच झालं नव्हतं, कारण मला चष्मा आहे. केवळ नंबरानं वाचले.

सकाळी आधी भावाला हिंगोलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन दिवसांत तो बरा झाला. मग बुटाच्या खोक्यात शेरूला घालून गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्यात हिरवी चमकणारी रंगद्रव्याची चाचणी केली आणि सांगितलं, इथे दोन आजार आहेत. एक आधीचा, एक तुम्ही दिलेला.

आधीचा आजार जीवनसत्त्व अ कमी पडल्याचा. आहारात ते नसेल तर डोळ्याजवळच्या ग्रंथींचं मऊ अस्तर जाड, कातडीसारखं होतं, मृत पेशींचा कचरा साठतो, नळ्या तुंबतात, पापणी सुजते. त्यात पाणी घाण असलं की जंतूंचीही भर पडते. म्हणजे सुजलेल्या डोळ्याचं मूळ पुष्कळदा ताटात असतं, बल्बमध्ये नाही. आपल्याकडेही हेच. लहान मुलांना रातांधळेपणा आणि अंधत्व येऊ नये म्हणून १९७० पासून सरकारी कार्यक्रमातून जीवनसत्त्व अ चा डोस देतात. अंगणवाडीतलं ते चमच्यानं मिळणारं पिवळं औषध आपण सगळ्यांनी प्यायलंय. मुलाला ते कळलं, कासवाला सांगता येत नाही.

दुसरा आजार माझा. आणि इथे मला आपल्या सगळ्यांशी, म्हणजे होऊ घातलेल्या इंजिनिअर मंडळींशी, भांडायचंय. 'यूव्ही' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो. कासवाच्या कातडीला जीवनसत्त्व ड तयार करायला लागतात ते साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण, म्हणजे यूव्ही-बी. प्युरिफायरमधली ट्यूब देते २५४ नॅनोमीटर, म्हणजे यूव्ही-सी. ती जंतू मारण्यासाठीच बनवलेली असते, म्हणून तर स्टीलच्या नळीत बंद ठेवतात! सूर्याचा यूव्ही-सी ओझोनचा थर वरच्या वर शोषून घेतो. पृथ्वीवरच्या कुठल्याच डोळ्याला त्याची सवय नाही. आणि तिसरं म्हणजे ते जांभळे 'यूव्ही' एलईडी, नोटा तपासायच्या टॉर्चमधले. ते ३९५ च्या आसपास असतात, कासवाच्या हाडांना त्यांचा काडीचा उपयोग नाही. सेमिस्टरला स्पेक्ट्रमवर बारा मार्कांचं उत्तर लिहिलेली मी, मला माळ्यावर चढताना यातलं एक अक्षर आठवलं नाही. ट्यूबवर छापलेलं वाचलंसुद्धा नाही. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, निर्जंतुकीकरणाचे यूव्ही-सी दिवे घरोघरी आले. ते आता कुठे कुठे माळ्यावर पडलेले असतील, म्हणून मला ही भीती जास्त वाटते.

ज्यांच्याकडे कासव आहेच, त्यांच्यासाठी माझं मत सरळ आहे. मराठवाड्यात ऊन फुकट मिळतं आणि लोडशेडिंगमध्येही जात नाही. सकाळचं कोवळं ऊन, अर्धी सावली असलेला प्लॅस्टिकचा टब, पाण्याबाहेर येऊन बसायला एक दगड. बस्स. फक्त काचेचा बाउल उन्हात ठेवू नका, त्यात पाणी तापून कासव शिजतं. मे महिन्यात दुपारी तर टबसुद्धा नको. आणि खिडकीजवळ ठेवलंय म्हणून समाधान मानू नका, साधी काच बहुतेक सगळा यूव्ही-बी खाऊन टाकते. ऊन अजिबातच शक्य नसेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची खास यूव्ही-बी ट्यूब मिळते. ती कंपनीनं सांगितलेल्या अंतरावर आणि डोक्यावरूनच लावायची, कारण बाजूनं आलेला प्रकाश सरळ बुबुळात जातो, वरून आला तर भुवईची सावली पडते. रोज दहा-बारा तास, रात्री पूर्ण अंधार. सहा महिने ते वर्षभरात ती दिसायला तशीच पेटते, पण तिच्यातला यूव्ही-बी ओसरलेला असतो. रात्रभर रंगीत दिवे लावणाऱ्यांसाठी एक माहिती: आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, या कासवाच्या डोळ्यात चार. आपल्याला न दिसणारा जवळचा यूव्हीसुद्धा त्याला रंग म्हणून दिसतो. तुमची निळी पट्टी त्याला कशी दिसत असेल, विचार करा!

खाण्यात कासवांसाठीचं तयार खाद्य, अख्खे छोटे मासे, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा. डोळे सुजलेच तर घरातले माणसांचे ड्रॉप घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा जाऊ शकतो. जीवनसत्त्व अ चं इंजेक्शनसुद्धा अंदाजानं नको, जास्त झालं तर कातडी सोलून निघते. प्राण्यांच्या डॉक्टरकडे जा. लाज मला वाटली होती, तुम्हाला वाटायचं कारण नाही.

आजीनं एक उपाय सुचवला होता: "कयाधूत सोडून द्या, पुण्य लागंल." मी नको म्हटलं. हे कासव जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत आहे. युरोपनं १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली. आपल्याकडे २०१८ मध्ये गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात ते सापडलं, म्हणजे तिथेही कुणीतरी सोडलंच असणार. आपल्या नदी-विहिरीतल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायची जागा ते बळकावतं. आणि उलटं, विहिरीतलं देशी कासव उचलून खोलीत आणणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हेही बॉईज हॉस्टेलमधल्या काही उत्साही मंडळींच्या माहितीसाठी!

मग हॉस्टेलमध्ये काय करायचं? माझं मत कुणालाच आवडणार नाही. नवीन कासव आणू नये, लकी म्हणून तर नाहीच. चार वर्षांनी आपण पुण्याला नाहीतर बंगलोरला जाणार, ते वीस वर्षं कुणाच्या खोलीत राहणार? पण जी आली आहेत त्यांच्यासाठी रेक्टर मॅडम आणि वॉर्डन सरांना विनंती आहे की धाड घालू नका. घाबरून मुली त्यांना कॉलेजच्या मागच्या तळ्यात सोडून येतील. त्याऐवजी गच्चीची किल्ली सकाळी सात ते आठ द्या. मी स्वतः रजिस्टरमध्ये सही करून नेईन आणि आणून देईन. मैत्रिणीचं कासव आम्ही सध्या डॉक्टरांना दाखवलंय, एलईडी काढलाय, पण ऊन कॉरिडॉरमध्ये पोचत नाही.

शेरूनं एकविसाव्या दिवशी पहिल्यांदा माशाचा तुकडा तोंडात धरला. मामानं फोनवर सांगितलं तेव्हा मी मेसच्या रांगेत रडले. उजवा डोळा पूर्ण उघडला. डाव्यावर पांढरा ठिपका राहिलाय, डॉक्टर म्हणतात तो तसाच राहील. मामेभाऊ आता खाणं नेहमी उजव्या बाजूनं देतो. ती ट्यूब मामीनं जुन्या साडीत गुंडाळून ठेवलीय आणि वर खडूनं लिहिलंय, 'दीदीनं हात लावू नये.'